इंदूचा म्हातारा

या, इकडे जवळ या. दाराशी उभं राहून काय ऐकू येणार तुम्हाला? आणि बसायच्या आधी थोडं रागावू द्या मला. भिलाईला लग्नाला जाता, डोंगरगडला देवीला जाता, रायपूर स्टेशनात गाडी थांबली की खिडकीतून हात काढून चहासुद्धा घेता, आणि तिथेच उतरून आमच्या तात्यापाऱ्यात यायचं म्हटलं की मात्र तुम्हाला वेळ नसतो. शोभतं का हे? बरं, आलात ना, झालं. त्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग पलंगावर टाका आणि बसा. मला माझ्या नणंदेबद्दल सांगायचं आहे आणि ती वरच्याच मजल्यावर राहते, म्हणून जवळ या म्हटलं.

तर इंदू. आमच्या ह्यांची धाकटी बहीण. ती खाली माझ्याकडे येते तेव्हा बेल वाजवते. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळेच वाजवतात. पण तुम्ही-आम्ही दार उघडलं नाही की काय करतो? पुन्हा वाजवतो. मग जोरात वाजवतो. मग बोट ठेवूनच देतो बटणावर. इंदूचं उलटं आहे. ती एकदा वाजवते आणि थांबते. उघडलं नाही तर दुसऱ्यांदा वाजवते आणि पहिल्यापेक्षा दुप्पट थांबते. तरीही उघडलं नाही तर तिसऱ्यांदा, आणि मग त्याच्या दुप्पट. म्हणजे दार जितकं उघडत नाही तितकी ही बाई जास्त शांत होत जाते.

एकदा मी डोक्याला तेल लावून न्हायला बसले होते. ही बाहेर गोळ्याची कढी घेऊन उभी. मी केस पुसत दार उघडलं तर बाईसाहेब पायरीवर बसलेल्या, मांडीवर पातेलं, कढीवर साय धरलेली.

"अगं, हाक तरी मारायची होतीस!"

"तू कामात असशील म्हणून थांबली. अजून दोनदा बेल वाजवली असती तर तू साबण डोळ्यात घेऊन धावली असती. दार थोडंच लवकर उघडलं असतं?"

बरोबरच होतं तिचं. मला तिच्यातलं हेच सहन होत नाही. ती बहुतेक वेळा बरोबर असते, आणि तेही आवाज न चढवता.

लग्न केलं नाही तिने. एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत सगळी नोकरी गेली. रिटायर झाली तशी वरच्या खोलीत तिने आपलं स्वतःचं कॉम्प्युटर मांडलं आणि लोकांची कामं घ्यायला लागली. काम काय, ते मला कळायला बराच वेळ लागला. आता तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं समजेल. वेबसाईटवर जाऊन एकेक पान उघडायचं, त्यातलं हवं ते उचलायचं, हे माणसाने केलं तर महिना लागतो. म्हणून ही एक प्रोग्राम लिहिते, तो माणसाच्या जागी जातो आणि पानं मागतो. पण प्रोग्रामला ना पाय दुखतात ना तहान लागते. तो एका श्वासात हजार पानं मागू शकतो. आणि तिकडे, दुसऱ्या टोकाला, पानं देणारं जे मशीन असतं, सर्व्हर म्हणतात त्याला, ते कमजोर असलं तर एवढ्या मागण्यांनी आडवं होतं. मग कोणालाच काही मिळत नाही. इंदूची सगळी हुशारी त्या प्रोग्रामला आवरण्यात आहे. एक माग, उत्तर येऊ दे, थोडा थांब, मग दुसरं माग. प्रत्येक वेबसाईटच्या दारावर म्हणे एक पाटी असते, माणसांना दिसत नाही, प्रोग्रामांना दिसते. इकडून आत येऊ नका, दोन मागण्यांमध्ये इतकं थांबा, असं त्यावर लिहिलेलं. "लोकं वाचतच नाहीत वहिनी," ती मला असं सांगते जसं कोणी तिच्या स्वयंपाकघरात चपला घालून आलं आहे.

आणि दिवसभर तिच्या तोंडी एकच, "दम घेऊ दे त्याले."

हे 'दम घेऊ दे' तिने कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती ते पंगतीत घेऊन आली. आता आम्ही मूळचे विदर्भातले. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. मी तर आग्रहात नाव काढलेली बाई. माझ्या हातून ताटावर हात आडवा धरून कोणी सुटलेलं नाही, बोटांच्या फटीतून वरण वाढलेलं आहे मी. मराठी मंडळाच्या जेवणाला एका ओळीला मी आणि दुसऱ्या ओळीला इंदू, अशी वाटणी झाली. मी माझ्या ओळीत नुसती धावत होते. घ्या हो, एक घ्या, अर्धी तरी घ्या, माझी शपथ आहे. इंदू आपली भांडं घेऊन भिंतीला टेकून उभी. ताट बघायची, माणसाचा घास बघायची, त्याने मान वर केली की जायची, विचारायची एकदा. नाही म्हटलं तर परत भिंतीला.

जेवणं झाल्यावर वानखेडे भाऊ, आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, हात पुसत म्हणाले, "आज खरं जेवल्यासारखं वाटलं. इंदूताईच्या लाईनमध्ये बसलो होतो."

माझ्यासमोर म्हणाले. माझ्या हातात तेव्हा जिलबीचं ताट होतं. ते मी भाऊंच्या पुढ्यात असं ठेवलं की पाक उडाला.

"आग्रह म्हणजे हल्ला आहे वहिनी," इंदू घरी येताना रिक्षात म्हणाली.

"तुझ्या आईने शिकवला होता मला तो हल्ला," मी म्हटलं.

पण म्हाताऱ्याची गोष्ट ह्याच्याही वरची आहे. त्या दिवशी मी जिन्यात मिरच्या वाळत घालायला गेले होते. वर इंदू फोनवर कोणाशी तरी बोलत होती. माझा काही कान लावायचा स्वभाव नाही, पण मिरच्या पसरायला वेळ लागतोच ना?

"नाही हो, म्हातारा आज सकाळपासून बोललाच नाही... विचारलं ना मी. एकदा विचारलं, मग थांबली. सारखं सारखं विचारलं की तो चिडते अन् दारच लावून घेते... काल चांगला होता, पटापट उत्तर देऊन राहिला होता... हो, सकाळी त्याच्याकडे गर्दी असते, म्हणून मी दुपारची जाते..."

माझ्या हातातल्या मिरच्या हातातच राहिल्या. आमच्या इंदूला? ह्या वयात? म्हातारा?

तुम्हाला वाटेल मला लाज वाटली असेल, काळजी वाटली असेल. खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. इतका हेवा वाटला की दोन दिवस भाजीत मीठ कमी-जास्त होत राहिलं. ज्याच्या बोलण्याने सकाळ चांगली जावी आणि न बोलण्याने जीव लागून राहावा, असं माणूस हिला मिळालं, आणि मला काय, भिंतीवर हार घातलेला फोटो. ह्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी त्या फोटोशी बोलते, पण तो काही पटापट उत्तर देऊन राहत नाही.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपणच मोठं मन करावं. रव्याचे लाडू केले. म्हाताऱ्याला दात असतील-नसतील, म्हणून दूध जरा जास्त शिंपडलं. डबा घेऊन वर गेले.

"हे घे. त्याले दे."

"कोणाले?"

"तुझ्या त्याले. म्हाताऱ्याले. मले सगळं माहीत आहे इंदू. मी काही बोलणार नाही. फक्त एकदा घरी घेऊन ये, असं बाहेरच्या बाहेर बरं दिसत नाही."

इंदू माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चष्मा हलायला लागला. मग खांदे. मग ती खाली जमिनीवरच बसली आणि पोट धरून हसली. "वहिनी, मशीन आहे तो! सर्व्हर! असं जुनं झालेलं कोणतंही मशीन असलं की म्हातारा म्हणते मी त्याले!"

लाडू तिनेच खाल्ले, आणि गोष्ट मंडळात सांगितली. तेव्हापासून वानखेडे भाऊ भेटले की मला विचारतात, "काय ताई, म्हातारा काय बोलला आज?"

आणि आता गंमत बघा. मशीन आहे म्हटल्यावर माझा हेवा जायला हवा होता. तो वाढला. माणूस असता तर समजू शकले असते मी. पण एका लोखंडी डब्याला उत्तर द्यायला जरा उशीर लागला तर ही बाई म्हणते, थकला असेल, थांबू या. ह्या घरात मी आले तेव्हापासून नागपूरच्या प्रत्येक गाडीने कोणी ना कोणी पाहुणा उतरला आहे. एकीकडे चहा, दुसरीकडे अंघोळीचं पाणी, तिसरीकडे 'वहिनी, माझं पाकीट पाहिलं का', चौथीकडे दूधवाला. मलाही उत्तर द्यायला उशीर लागायचा हो. मला कोणी म्हातारी म्हणून तरी दम घेऊ दिला का? तेव्हा ह्या इंदूने सुद्धा नाही. ती स्वतः जिन्यावरून ओरडायची, वहिनी, डबा!

ते असो. आता खरी गोष्ट.

आमच्या मंडळाची एक वेबसाईट होती. कोणी तरी हौसेने केलेली, करणारा मुलगा केव्हाचा परदेशी गेला. त्यात सगळे जुने फोटो होते, आणि गणपतीतल्या कार्यक्रमांच्या कॅसेटींवरून चढवलेले आवाज. कॅसेटी मंडळाच्या कपाटात ओल लागून गेल्या, त्या आम्हीच फेकल्या. म्हणजे जे होतं ते तेवढंच. आणि त्यात एक नाटक होतं, ज्यात आमचे हे हवालदार झाले होते. हे दर गणपतीत हवालदारच व्हायचे, उंचीमुळे.

तर ज्या कंपनीच्या मशीनवर ही वेबसाईट होती तिने कळवलं की मशीन जुनं झालं, महिना संपला की बंद करणार, आपलं सामान काढून घ्या.

तुम्ही समजून घ्या, माझ्याकडे ह्यांचा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत, चष्मा आहे, हातरुमाल आहेत. पण त्यांना व्हिडिओबिडिओ आवडायचं नाही, कोणी फोन समोर धरला की हाताने बाजूला सारायचे. आवाज म्हणून जगात जो होता तो त्या मशीनमध्ये. एका हवालदाराच्या चार वाक्यांत.

वानखेडे भाऊंनी काम अंगावर घेतलं. भाऊ भनपुरीला ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, त्यांचा हिशोब ट्रकाचा. कुठून तरी एक प्रोग्राम मिळवला आणि मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसून म्हणाले, "एकच खेप! पूरा माल एक साथ उठा लेते हैं." बटण दाबलं. वेबसाईट तिथल्या तिथे आडवी झाली. थोड्या वेळाने उठली, भाऊंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा तिकडून उत्तर आलं की तुम्ही फार मागून राहिले, आता तुमच्यासाठी दार बंद.

मंडळात रडारड. मी घरी येऊन माझ्या मुलाला, नीलेशला, म्हटलं, "तू बँकेत कॉम्प्युटरच चालवतोस ना, काही कर."

"मम्मी, ये मेरा काम नहीं है. बुआ को बोलो." माझ्या पोटचा पोरगा. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत, आणि उत्तरात बुआ!

पण गेले. इंदूने सगळं ऐकून घेतलं आणि वानखेडे भाऊंना फोन लावला. "भाऊ, ती वेबसाईट म्हणजे पुरानी बस्तीतली गल्ली आहे. सायकल जाते तिथं. तुम्ही ट्रक घातला." मग कंपनीला नम्रपणे लिहिलं, माफी मागितली, दार उघडवून घेतलं. आणि मला म्हणाली, "मी आणते सगळं. पण माझ्या चालीनं. घाई केली अन् म्हातारा पुन्हा पडला तर मग उठणार नाही."

तेव्हापासून मी रोज दुपारी वर जायला लागले. कठडा धरून, एकेका पायरीवर टेकत. मला तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं. इतकी सावकाश चालणारी बाई, महिना संपून जाईल आणि हिचं 'दम घेऊ दे' चालूच राहील, अशी भीती. थर्मासमध्ये चहा न्यायचे, काही खायला न्यायचे, स्टुलावर बसायचे. पडद्यावर एक ओळ उमटायची: पान मागितलं. मग वाट. मग दुसरी ओळ: मिळालं. मग थांबणं. इंदू शेजारी परातीत वाटाणे सोलत बसलेली.

"अगं, माग ना पुढचं!"

"हाफून राहिला तो. पाहा, ह्या पानाले किती वेळ घेतला त्याने. उत्तर हळू आलं की आपण अजून हळू मागायचं."

"अन् महिना संपला तर?"

"हिशोब केला आहे मी."

"तुझ्या हिशोबात माझा नवरा अडकून पडला आहे."

"माझा दादा," इंदू म्हणाली.

हे आमचं नेहमीचं. ती म्हणते माझा दादा, मी म्हणते आमचे हे. ह्यांना कांद्याची भजी आवडायची म्हटलं की ती म्हणणार, दादाले मुळात मुगाची आवडायची. हे झोपेत बोलायचे म्हटलं की, हो ना, लहानपणापासून. मी ह्यांच्याबद्दल काहीही काढलं की ती एक पायरी खाली उतरते आणि माझ्याआधी तिथे जाऊन उभी राहते. मी चिडायचे. ती वाटाणे सोलायची. मग मी दुसरं काही तरी काढायचे. अशा आमच्या दुपारी जायला लागल्या. एखाद्या दिवशी दोघींना उठायची शुद्ध नसायची, खालून नीलेश ओरडायचा, "मम्मी, चाय मिलेगी?"

हेव्याचा एक फायदा असतो. नजर तीक्ष्ण होते. मी इंदूकडे बघत होते, इंदूच्या हातांकडे बघत होते, आणि त्या पडद्याकडेही बघत होते. सुरुवातीला पान मागितलं की उत्तर यायला चांगला वेळ लागायचा. पण आता, माझ्या लक्षात आलं, मागितलं की लगेच येत होतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत 'मिळालं'. आणि तरी पुढचं मागायला प्रोग्राम पहिल्यापेक्षा जास्त थांबत होता. कितीतरी जास्त. माझा अर्धा चहा पिऊन व्हायचा.

मी एक दिवस बघितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. मग विचारलं.

"इंदू, म्हातारा तर आता ठणठणीत दिसून राहिला."

"हं."

"मांगलं की देते."

"हं."

"मग हा दम कोण घेऊन राहिलं?"

तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"मी," इंदू म्हणाली.

मला काही कळेना. ती परातीकडे बघतच बोलली. "दादाचं नाटक केव्हाचं आलं वहिनी. सगळ्यात पहिले तेच आणलं मी. फोटो पण आले सगळे. आता उरल्या त्या मंडळाच्या सूचना. कोजागिरीले येताना आपापले पेले आणावे, असं काहीबाही."

मी उठले. मी कशी उठले, गुडघे कुठे गेले, मला माहीत नाही. अख्ख्या तात्यापाऱ्याने ऐकलं असेल. "चोरटी कुठली! ऐकलंस तू! माझ्याआधी ऐकलंस!"

"नाही ऐकलं."

"खोटं बोलू नको माझ्यासंगं! इतके दिवस मी इथं येऊन बसून राहिली, अन् तू दाबून ठेवलं! माझा माणूस दाबून ठेवला!"

"एकटीनं कसं ऐकू मी?" इंदूचा आवाज तरी चढला नाही. "अन् तुले दिलं असतं तर तू मोबाइलमध्ये घेऊन खाली गेली असती. मग कशाले चढली असती तू जिना?"

हातातली शेंग तिने परातीत टाकली.

"दादा गेल्यापासून वर कोणी येत नाही वहिनी. सणाले तू ताट पाठवते. नीलेश आणते, दारातूनच देते, 'बुआ, गरम है' म्हणते, चालला जाते. म्हणून मी खाली येते. पण खाली मी पाहुणी असते न. बसली, चहा घेतला, उठली. इथं तू रोज येऊन भांडत होती. मले वाटलं, दोन-चार दिवस अजून."

मी परत स्टुलावर बसले. रागवायचं बरंच उरलं होतं, पण त्या वेळी सापडेना. म्हटलं, "लाव."

तिने लावलं.

आधी खरखर. मग कोणाचं तरी लहान मूल रडत होतं. कोणी तरी ओरडलं, मागचे बसा, बसा हो खाली! मग पाट आपटल्यासारखा आवाज, आणि मग एक बारीक, कोवळा, भराभर बोलणारा आवाज. कोण आहे तिथं, खबरदार.

"हा कोण पोट्टा?" मी विचारलं.

"दादा."

"काहीही! ह्यांचा आवाज असा होता का?" ह्यांचा आवाज जाड होता. सुपारी घोळवत बोलल्यासारखा, शब्द मागे रेंगाळायचा. तो आवाज मी भिंतीपलीकडून ओळखला असता.

"हे तुझ्या लग्नाच्या आधीचं नाटक आहे वहिनी. तेव्हा असाच होता त्याचा आवाज."

काय सांगू तुम्हाला. महिनाभर जिना चढून ज्या आवाजाची मी वाट बघितली तो आलाच नाही. आला तो इंदूचा दादा. माझ्या ओळखीचासुद्धा नाही. मी त्या खरखरीत माझं माणूस शोधत होते, आणि शेजारी इंदू चष्मा काढून ओढणीने डोळे पुसत होती आणि मध्येच अशा ठिकाणी हसत होती जिथे नाटकात कोणीच हसलं नव्हतं.

"काहून हसून राहिली?"

"इथं त्याची मिशी सुटली होती. तो एका हातानं धरून बोलून राहिला, म्हणून शब्द असे येऊन राहिले."

तिला दिसत होतं. मला नुसतं ऐकू येत होतं. एवढा हेवा मी आयुष्यात कोणाचा केला नसेल. परात पुढ्यात ओढून एक शेंग सोलली. मग म्हटलं, "सांग."

"काय?"

"सगळं. मिशी कोणी लावली होती, कशी सुटली, मग काय झालं. लग्नाआधीचं सगळं सांग मले त्यांचं."

इंदूने सांगितलं. मिशी तिनेच डिंकाने चिकटवली होती, आणि डिंक पातळ झाला होता. हवालदाराने शेवटी मिशी काढून चोराच्या हातात दिली आणि त्याला पकडलं, आणि लोकांना ते नाटकातलंच वाटलं. तिथे येऊन ती थांबली. "बाकीचं उद्या."

"उद्या? म्हणजे मी पुन्हा चढू का?"

"हव," ती म्हणाली, आमची छत्तीसगढी भाजीवाली 'हो' म्हणते अगदी तसं.

मी थर्मास उचलला. जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा तिने मागून विचारलं, इतक्या हळू की मी वळले नसते तर राहूनच गेलं असतं. "वहिनी, शेवटी शेवटी कसा बोलायचा गं तो? मी ऑफिसातून यायची तोवर त्याले झोप लागलेली असायची. मी ऐकलंच नाही."

कितीतरी वर्षं मला वाटत होतं हिच्याकडे सगळं आहे. मी कठडा धरून उभी राहिले आणि तिला एकच सांगितलं, रात्री पाणी मागताना हे कसं म्हणायचे ते. तसाच आवाज काढून. तेवढंच. बाकीचं मीही उद्यावर ठेवलं. मी काही कमी नाही.

तर आता असं चाललं आहे. वेबसाईट बंद झाली, वानखेडे भाऊंनी फोटो सगळ्यांना वाटले, इंदूची वाहवा झाली, मंडळात शाल दिली तिला. मला नाही दिली. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. आणि रोज दुपारी मी वर असते. ती मला लग्नाआधीचे हे देते, मी तिला नंतरचा दादा देते. दोघीही हात राखून. कधी ती जास्त देते आणि मी कमी, मग ती रुसते. कधी मला वाटतं तिने आज काहीतरी लपवलं, मग मी रुसते. भांडण सोडवायला तिसरं माणूस नसतं.

निघालात? बरं, निघा. पण आता पुन्हा महिने लावू नका, लवकर या, जिना दाखवते मी. आणि येताना तुमचंही एखादं माणूस आठवून आणा. आमच्या दोघींत एकच आहे हो, फार पुरवून पुरवून घ्यावं लागतं.